डाव्या खांबापासून सात पावलं

आर्नल्ड हेसकेथला घाईने चालताना कुणी पाहिलं नव्हतं. मैदानावर तर नाहीच. हॅडरशॉ टाउन क्लबचं टॅनरी लेनवरचं मैदान त्याने तेहेतीस वर्षं राखलं, आणि त्यावरून तो असा चालायचा, की जणू खाली कुणीतरी झोपलंय. नव्याने आलेले खेळाडू त्याच्या चालीची नक्कल करून हसायचे. गावातल्या जुन्या माणसांना मात्र ठाऊक होतं, की खाली खरोखरच कुणीतरी झोपलेलं आहे.

त्याची सुरुवात एका विणकरापासून झाली. आर्नल्डला कामाला लागून दोनच वर्षं झाली होती. त्या विणकराच्या मुलांनी बापाची राख बिस्किटांच्या डब्यातून आणली आणि आजूबाजूला कुणी नाहीसं बघून गोलसमोर उधळली. आठवडाभरात तिथलं गवत जळून पिवळं पडलं. चेअरमन संतापले. पुन्हा असलं काही चालणार नाही, अशी नोटीस फाटकावर लागली. आर्नल्डला वाईट वाटलं ते मेलेल्या माणसाचं. चाळीस वर्षं पावसात उभं राहून त्याने या संघाची हार पाहिली होती, आणि वर आता गवत जाळल्याचा ठपकाही त्याच्याच माथी आला होता.

म्हणून आर्नल्डने एक रीत बसवली. हंगाम संपला, की जून महिन्यातल्या गुरुवारी सकाळी सहा वाजता, ऑफिस उघडायच्या कितीतरी आधी, तो घरच्यांना मागच्या फाटकाने आत घ्यायचा. धारदार सुरीने हिरवळीचा वीतभर चौकोन कापून बाजूला ठेवायचा. खाली कोपरभर खोल खड्डा. राखेत तिप्पट वाळू मिसळायची, म्हणजे मुळांना चटका बसत नाही. मग माती, मग हिरवळीचा तो चौकोन पुन्हा जागच्या जागी, वर झारीभर पाणी. चार दिवसांनी आर्नल्डलासुद्धा जागा ओळखू आली नसती, पण तो पावलं मोजून ठेवायचा आणि घरच्यांना सांगायचा: उजव्या खांबापासून चार पावलं, गोलरेषेच्या आत दोन. कागदावर काही नाही. कागद केला की तो कधीतरी ऑफिसात पोचतो, असं त्याचं मत होतं. एक्केचाळीस माणसं त्याने अशी ठेवली होती, आणि सगळी त्याला पाठ होती. शाळेतल्या मास्तरला वर्गाची हजेरी पाठ असते तशी.

लेन स्कोफील्ड हा चाळिसावा. डाव्या खांबापासून सात पावलं. गावच्या बसवर तो तीस वर्षं ड्रायव्हर होता. बस वेळेवर आली नाही असं एकदाही घडलं नाही, आणि बायकोबरोबर कुठे वेळेवर पोचला असंही एकदा घडलं नाही, हे त्याची बायको विनीच सांगायची. विनी आणि आर्नल्ड शाळेत एका वर्गात होते. ती उंच, हाडापेराने मजबूत, आणि तोंडाने फटकळ. लेन गेल्यावर तिने गोलमागच्या पहिल्या रांगेतली खुर्ची वर्षभरासाठी घेतली. सामना सुरू व्हायच्या आधी ती पुढे वाकून त्या जागेकडे बघायची, ओठांतल्या ओठांत दोन शब्द बोलायची आणि मग थर्मासमधला चहा ओतायची. एखादा गोलकीपर तिथे बूट घासायला लागला, की म्हणायची, "अरे बाबा, पाय पूस की दुसरीकडे. तो माणूस झोपलाय."

त्या वर्षीच्या मे महिन्यात हॅडरशॉ टाउन अव्वल श्रेणीत गेलं. याआधीचं तिथलं त्यांचं शेवटचं वर्ष आठवणारी माणसं गावात बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. बेकरीवाल्याने संघाच्या निळ्या रंगाचे पाव काढले, चर्चच्या घंटा वाजल्या. विनीने आर्नल्डला रस्त्यात गाठून मिठी मारली, आणि तो इतका गांगरला की टोपी काढायचीही विसरला.

पंधरा दिवसांनी क्लबच्या तरुण सेक्रेटरीने, टिंडल त्याचं नाव, आर्नल्डला ऑफिसात बोलावलं. मोठ्या श्रेणीत मैदानही तसंच हवं. जुनं सगळं उकरून टाकायचं, खाली गरम पाण्याचे नळ घालायचे, वर नवी माती आणि नवी हिरवळ. काम दक्षिणेकडच्या एका कंपनीला दिलं होतं. जूनच्या शेवटी सुरू होईल, टिंडल म्हणाला. किती खोल उकरणार, एवढंच आर्नल्डने विचारलं. हातभर, टिंडल म्हणाला.

हातभर म्हणजे सगळेच जाणार, हे आर्नल्डच्या तिथेच लक्षात आलं. तिथेच बोलायला हवं होतं. पण बोलायचं म्हणजे इतकी वर्षं नोटिशीच्या विरुद्ध काय केलं ते सांगायचं. समोर टिंडलसारखा पोरगा, आणि दोन वर्षांवर आलेलं पेन्शन. तो घरी आला आणि बायकोला, मॉरीनला, म्हणाला की आपण स्वतःच सगळ्यांना आधी हलवू. कार पार्कच्या कडेला हॉथॉर्नच्या काटेरी झुडपांचं कुंपण होतं, तिथे. प्रत्येकाची पाटीभर माती, प्रत्येकाच्या घरच्यांना सांगून. काम आठवड्याभराचं होतं. गावसुट्टीहून परत आलो की करू, तो म्हणाला.

इथे त्याची चूक झाली, आणि ती हॅडरशॉच्या माणसाकडूनच होण्यासारखी होती. जूनच्या शेवटच्या आठवड्यात सगळं गाव बंद व्हायचं. गिरण्या चालू होत्या तेव्हा बॉयलर साफ करायला म्हणून हा आठवडा सुट्टी असायची. आता गिरण्या गेल्या तरी आठवडा राहिला होता. खाटीक, न्हावी, दाताचा डॉक्टर, सगळे एकाच शनिवारी मोरकमच्या समुद्रावर जायचे आणि तिथे एकमेकांनाच भेटायचे. त्या आठवड्यात गावात कुणी खिळासुद्धा ठोकत नसे. आर्नल्डच्या जन्मात कधी ठोकला नव्हता. म्हणून 'जूनच्या शेवटी' म्हणजे सुट्टीनंतर, हे त्याने गृहीतच धरलं. विचारायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही. दक्षिणेकडच्या माणसांना गावसुट्टी म्हणजे काय ते माहीत नव्हतं. त्यांनी सोमवारी यंत्रं आणली.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी आर्नल्ड परत आला आणि बॅग घरी टाकून, का कोण जाणे, तसाच मैदानावर गेला. फाटक उघडं होतं. आत तपकिरी खड्डा होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. गोलचे खांब एका कोपऱ्यात आडवे टाकलेले. तो कडेला उभा राहिला, आणि मग सवयीने डाव्या खांबापासून पावलं मोजायला गेला. पण खांबच जागेवर नव्हता.

कंपनीचा मुकादम भला माणूस होता. माती कुठे गेली, हे त्याने सोमवारी वही बघून सांगितलं. बरीचशी बायपास रस्त्याच्या भरावाला, थोडी कुठल्याशा गोल्फच्या मैदानाला. कुठली कुठे, ते कसं सांगणार? "माती ती माती, आजोबा," तो म्हणाला. "काही हरवलंय का?"

आर्नल्ड नाही म्हणाला.

त्या बुधवारी तो बसने बायपासपर्यंत गेला, हातात बादली आणि खुरपं घेऊन. मैलभर लांब भराव, दोन माणसं उंच, त्यावर चिखलात ट्रकच्या चाकांच्या खुणा. त्याने एका जागी खुरपलं. जुन्या रेषेचा पांढरा चुना लागलेलं एक ढेकूळ मिळालं, म्हणजे माती टॅनरी लेनचीच. त्याने ते बादलीत घेतलं. नेऊन नव्या हिरवळीखाली ठेवावं आणि सगळ्यांना सांगावं, की तुमचा माणूस आहे तिथेच आहे. असं त्याच्या मनात आलं होतं. थोडा वेळ तो बादलीकडे बघत राहिला. मग ढेकूळ होतं तिथे ठेवलं, हाताने दाबलं आणि रिकामी बादली घेऊन परतीच्या बसची वाट बघत थांबला.

ऑगस्टमध्ये हंगाम सुरू झाला. नवी हिरवळ गालिच्यासारखी, एकसारखी हिरवी. टीव्हीवाल्यांनी तिचं कौतुक केलं. त्या एक्केचाळिसांपैकी बहुतेकांच्या घरची माणसं आपापल्या जागी येऊन बसली आणि पूर्वीसारखीच आपापल्या ठिकाणी बघू लागली. आर्नल्डला कुणी विचारलंच नाही. आर्नल्डने लावलेलं, आर्नल्डने सांभाळलेलं, त्यात विचारायचं काय? विनीने तेवढं विचारलं. उकरताना लेनला त्रास नाही ना झाला, असं. आर्नल्डने नाही अशी मान हलवली.

त्याहून अवघड होता तो त्यांचा आनंद. खाटकाच्या दुकानात एकजण सांगत होता, आमचे वडील जन्मभर म्हणायचे अव्वल श्रेणी बघितल्याशिवाय मरणार नाही. मेले, पण बघा, पोचले. देशातले सगळ्यांत महागडे खेळाडू येऊन त्यांच्यावरून धावताहेत. विनी तर पाहुण्या संघाची नावं लेनला आधीच सांगून ठेवायची.

संघ मात्र हरत होता. पहिल्या अकरा सामन्यांत एक विजय. नोव्हेंबरात घरच्या मैदानावर सहा गोल खाल्ले आणि लोक अर्ध्यातूनच उठून गेले. पहिल्या रांगेत विनी एकटी शेवटपर्यंत बसली, पुढे वाकून काहीतरी बोलत. आर्नल्ड गोलच्या मागेच उभा होता. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि मग पाहिलं नाही.

सांगितलंस का, असं मॉरीन रोज विचारायची नाही. आठवड्यातून एकदा, रविवारी, मटण कापताना विचारायची. तो म्हणायचा, नाताळ होऊ दे. नाताळनंतर म्हणाला, संघ अव्वल श्रेणीत तगला तर सांगीन. आनंदात माणसं माफ करतात. जानेवारीत लागोपाठ दोन सामने जिंकले, तेव्हा तो नव्या पोरांपेक्षाही उतावीळ होऊन गुणतक्ता बघू लागला. दुसऱ्या संघांचे निकाल ऐकायला तो रेडिओला कान लावून बसायचा. गावातल्या कुणाहीपेक्षा हॅडरशॉ टाउन तगायला हवं होतं ते त्याला, आणि ते फक्त मॉरीनला माहीत होतं.

मार्चमध्ये, एका मंगळवारी दुपारी, विनी मैदानावर आली. आर्नल्ड गोलसमोरची उखडलेली जागा बागकामाच्या काट्याने सारखी करत होता. ती कठड्याला टेकून उभी राहिली. खूप वाळली होती, ते त्याला तेव्हा जवळून दिसलं.

"डॉक्टर म्हणतो उन्हाळा बघशील," ती म्हणाली. "पानगळीचं काही बोलला नाही."

आर्नल्डने काटा जमिनीत रोवला.

"तोंड पाडू नकोस, अजून आहे मी. हे बघ, तुला एक सांगून ठेवते. मला लेनजवळ ठेव. अगदी खेटून नको, झोपेत लाथा मारतो तो. वीतभर सोडून. करशील ना?"

आर्नल्ड हो म्हणाला.

त्या रात्री तो जेवला नाही. मॉरीनने ताट उचललं आणि पहिल्यांदाच चढ्या आवाजात बोलली. आजवर जे केलं ते भित्रेपणाचं होतं, ती म्हणाली, ते मी समजू शकते, मीही भित्रीच आहे. "पण त्या बाईला तिचा नवरा तिथे आहे असं सांगून तू परक्या मातीत एकटीला पुरणार? तसं केलंस तर आर्नल्ड, मला तुझ्याबरोबर या टेबलाशी बसता येणार नाही."

तरीही त्याला पाच आठवडे लागले. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी, तीन सामने शिल्लक असताना, हॅडरशॉ टाउनची खालच्या श्रेणीत घसरण नक्की झाली. आता ज्याची वाट बघत थांबायचं असं काही उरलं नाही. सोमवारी सकाळी त्याने बाहेर जायचा कोट घातला आणि विनीची बेल वाजवली. इतक्या वर्षांत त्या घरात तो कधी आला नव्हता. ती स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती, बसून. उभं राहवत नव्हतं तिला.

"विनी, लेन तिथे नाही," तो म्हणाला. वाटेत पाठ केलेलं बाकीचं सगळं विसरून गेला होता.

"मग कुठे गेला? पबात?"

मग त्याने सांगितलं. गावसुट्टी, यंत्रं, बायपास, सगळं. चुन्याच्या ढेकळाचंही सांगितलं. तिच्या हातातली सुरी आणि अर्धा सोललेला बटाटा तसाच राहिला.

"कधी कळलं तुला?"

"जुलैत."

"गेल्या?"

"हो."

तिने बटाटा पाण्यात टाकला. "सहा गोल झाले त्या दिवशी मी त्याची समजूत काढत होते, आर्नल्ड. मोठ्याने. उठून जाणारा माणूस मी वेडी असल्यासारखं बघत होता. आणि तू तिथेच उभा होतास."

"होतो."

"जा आता," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. तो दारापर्यंत गेला तेव्हा पाठीमागे बटाटे सोलायचा आवाज पुन्हा सुरू झाला होता.

मेमधल्या शेवटच्या घरच्या सामन्याला विनीची खुर्ची रिकामी होती. हरलेल्या संघासाठी गावाने उभं राहून टाळ्या वाजवल्या. खेळाडू रडले, काही प्रेक्षकही रडले. आर्नल्डने जाळी सोडवली, घडी घातली आणि खोलीत नेऊन ठेवली.

दहा-बारा दिवसांनी विनीची भाची मार्जरी गाडी घेऊन त्याच्या दारात आली. मावशीने बोलावलंय, तो रस्ता दाखवायला. विनी मागच्या सीटवर उशांना टेकून बसली होती. तिने आर्नल्डला ये म्हटलं नाही आणि नको असंही म्हटलं नाही. बायपासवर थांबायला नीट जागा नव्हती. मार्जरीने गाडी कडेला घेतली. भरावावर विरळ गवत उगवलं होतं, खडबडीत, कुणी न कापलेलं. आर्नल्डने काच खाली केली आणि आपण खुरपलं ती जागा साधारण कुठे, ते हाताने दाखवलं. ट्रक गेला की गाडी हलायची. विनी बराच वेळ बघत राहिली.

"तीस वर्षं बस चालवली," ती शेवटी म्हणाली, "आणि आता रस्त्याच्या कडेला." थोड्या वेळाने म्हणाली, "इथे नको, मार्जरी. या गोंगाटात मला झोप यायची नाही. मला आईजवळ ठेवा. लेनचं आणि तिचं कधी पटलं नाही, म्हणजे तसंही तो आला नसता."

मार्जरी तोंड फिरवून बसली. कुणी हसलं नाही.

परतताना विनी आर्नल्डशी पहिल्यांदा थेट बोलली. "बाकीच्यांना सांगितलंस?"

"नाही."

"मी जायच्या आधी सांग. मी गेल्यावर तू पुन्हा गप्प बसशील. तुझा स्वभाव मला शाळेपासून माहीत आहे."

तो गप्प बसला नाही. जूनभर दर संध्याकाळी बाहेरचा कोट घालून एकेका दाराशी गेला. कुणी दार आपटलं. खाटकाच्या दुकानातल्या त्या माणसाने त्याला कॉलर धरून पायरीवरून खाली ढकललं आणि मग स्वतःच पायरीवर बसून रडला. एक म्हातारी म्हणाली, मला वाटलंच होतं. विणकराच्या धाकट्या मुलाने त्याला आत नेऊन चहा दिला आणि बापाचे किस्से सांगत बसला. ते आर्नल्डला सगळ्यांत जड गेलं. तीन घरांत आता ओळखीचं कुणी राहत नव्हतं. टिंडललाही त्याने सांगितलं. टिंडलने बराच वेळ पेन टेबलावर आडवं-उभं केलं आणि म्हणाला, मिस्टर हेसकेथ, मला हे माहीत असतं तर मी यंत्रं थांबवली असती. खरंच थांबवली असती, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

विनी जुलैत गेली. आईच्या शेजारी, गावच्या दफनभूमीत, चर्चच्या उत्तर बाजूला. आर्नल्ड मॉरीनबरोबर मागच्या रांगेत उभा राहिला. मार्जरीने हात मिळवला, पण मावशी त्याच्याविषयी शेवटी काही बोलली का, ते सांगितलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही.

ऑगस्टमध्ये संघ पुन्हा खालच्या श्रेणीत खेळायला उतरला. गर्दी निम्मी होती. आर्नल्ड खेळाडू ज्यातून मैदानात येतात त्या बोगद्याच्या तोंडाशी उभा राहून बघत होता. आता सगळ्यांना सगळं माहीत होतं. निदान आता कुणी तिकडे बघणार नाही, असं त्याला वाटलं होतं. पण शिट्टी व्हायच्या आधी माणसं एकेक करून पुढे वाकली. खाटकाच्या दुकानातला तो माणूस, ती म्हातारी, विणकराचा मुलगा. गोलसमोरच्या, उजवीकडच्या, कोपऱ्यातल्या आपापल्या जागेकडे त्यांनी पाहिलं, जिथे काहीच नव्हतं, आणि काहींचे ओठही हलले.

डावीकडच्या त्या जागेकडे बघणारं कुणी नव्हतं. पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर एक अनोळखी जाडा माणूस वर्तमानपत्र उघडून बसला होता. आर्नल्डने टोपी काढून हातात घेतली, सामना सुरू होईपर्यंत तिकडे बघत उभा राहिला, आणि शिट्टी झाल्यावर आत गेला.